खास परवानगीवर काढलेले आयुष्य

एखाद्या कचेरीत, न्यायालयात किंवा विद्यापीठात पहिली स्त्री दाखल झाली, की त्या घटनेचा मोठा गौरव होतो. सत्कार होतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि समाज आपल्या उदारपणावर प्रसन्न होतो. परंतु दाराच्या आत गेल्यावर त्या स्त्रीचे पुढे काय झाले, तिला बसावयास खुर्ची मिळाली की नाही, तिच्या शेऱ्याला काही किंमत होती की नाही, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्रवेश मिळाला म्हणजे अधिकार मिळाला, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची परीक्षा पाहावयाची असेल, तर नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या आयुष्याकडे पाहावे. भारतातील पहिली स्त्री-वकील एवढ्या एका ओळीत आपण त्यांना बसवून टाकले आहे. त्या ओळीमागची हकिकत मात्र अभिमानाइतकीच अस्वस्थतेची आहे.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना या एका इंग्रज दांपत्याने वाढविलेल्या आणि पुढे पुण्यात शाळा चालविणाऱ्या कर्तबगार गृहिणी. मुलींनी शिकावे याबद्दल या घरात दुमत नव्हते. बालपणाचा काही काळ बेळगावात गेल्यावर हे कुटुंब पुण्यास स्थायिक झाले आणि कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. त्या महाविद्यालयातील त्या पहिल्याच विद्यार्थिनी. वर्गातील मुलगे त्यांच्या तोंडावर दार लावून घेत. तरीही परीक्षेत त्यांनी या मुलग्यांना मागे टाकले आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर होण्याचा मान मिळविला. या यशाबरोबर विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. गुणांनी ती त्यांची ठरलीही होती; पण उमेदवार स्त्री आहे, एवढ्या कारणावरून ती नाकारण्यात आली.

हे 1880 चे दशक महाराष्ट्राच्या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात निवर्तल्या. रखमाबाईंचा खटला याच दशकात गाजला. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये शारदासदन काढले. त्याच वर्षी कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला निघाल्या. मध्यंतरी त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविले होते. सरकारने नाकारलेला पैसा शेवटी वर्गणीतून उभा राहिला. मेरी हॉबहाउस यांनी 1888 मध्ये लंडनच्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न अशी मंडळी होती.

सवलतींची मालिका

येथून या आयुष्याला एक विशिष्ट वळण लागले. कॉर्नेलियाबाईंना जे जे मिळाले, ते नियमाने मिळाले नाही. नियमाला अपवाद म्हणून मिळाले. कायद्याच्या अभ्यासासाठी ऑल सोल्स महाविद्यालयाचे ग्रंथालय त्यांना खुले झाले, तेही तेथील प्रमुख सर विल्यम अँसन यांच्या व्यक्तिगत सौजन्यामुळे. 1892 मध्ये बी. सी. एल.च्या परीक्षेला बसावयाचे, तर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्यामागे बेलियल महाविद्यालयाचे बेंजामिन जोवेट यांचे वजन होते. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या; पण स्त्रियांना पदवी देण्याची सोयच नसल्याने पदवी हाती पडावयास 1922 साल उजाडले. पंचविशीत दिलेल्या परीक्षेची पदवी पंचावन्नाव्या वर्षी मिळाली!

हिंदुस्थानात परतल्यावरही हाच क्रम चालू राहिला. काठेवाड आणि इंदूर येथील एजन्सींमध्ये, म्हणजे संस्थानांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश राजकीय अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत, पडदानशीन स्त्रियांच्या वतीने अर्ज करण्याची खास परवानगी त्यांना मिळाली. अर्ज करता येई. वकील म्हणून उभे राहून बचाव मात्र करता येत नसे, कारण सनद नव्हती. सनद नाही तर ती मिळवू, म्हणून त्यांनी 1897 मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा दिली. 1899 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर न्यायमूर्तींनी नाव नोंदविण्यास नकार दिला. पात्रता सिद्ध करा म्हणावयाचे आणि ती सिद्ध झाली की पात्रतेचा प्रश्नच नव्हता असे सांगावयाचे, ही रीत त्या काळच्या न्यायासनांपुरतीच मर्यादित होती असे समजण्याचे कारण नाही.

महसुलाच्या यंत्रणेत

वकिलीचे दार बंद झाले, तेव्हा कॉर्नेलियाबाईंनी सरकारी नोकरीचे दार ठोठावले. बंगालमधील कोर्ट ऑफ वॉर्ड्स ही यंत्रणा कशी होती, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 1793 च्या कायमधाऱ्याच्या व्यवस्थेत जमीनदाराने ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारा भरला नाही, तर इस्टेटीचा लिलाव होत असे. मालक अज्ञान असेल किंवा स्त्री असेल आणि तिला कारभार झेपणार नाही असे ठरविण्यात आले, तर इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात जाई. 1879 च्या बंगालच्या कायद्याने या व्यवस्थेस निश्चित रूप दिले होते. वर महसूल मंडळ, त्याखाली जिल्ह्याचा कलेक्टर आणि प्रत्यक्ष कारभाराला व्यवस्थापक, अशी उतरंड होती.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या रचनेतील मेख चटकन दिसते. सारा वसूल करणारे खातेच पाल्याचे पालक झाले होते. इस्टेटीतून सरकारचा सारा निघावा, कर्जे फिटावी, याची काळजी यंत्रणेला स्वाभाविकच अधिक. जनानखान्यात बसलेल्या विधवेला पोटगी वेळेवर मिळते काय, तिच्या मुलाचे शिक्षण होते काय, तिने कोणत्या कागदावर अंगठा उठविला, हे पाहण्यास कोणालाच सवड नव्हती आणि तसे पाहण्यात कोणाचा लाभही नव्हता. मालकीण पडद्याआड, पुरुष अधिकारी तिला भेटू शकत नाही, मध्ये दिवाण, कारभारी, दीर, पुतणे. ज्याच्या हाती बातमी त्याच्या हाती मालमत्ता, असा तो प्रकार होता.

ही उणीव नेमकी हेरून कॉर्नेलियाबाईंनी 1902 पासून इंडिया ऑफिसकडे मागणी लावून धरली, की या स्त्रियांसाठी एक स्त्री कायदेसल्लागार नेमावी. 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे स्त्री-साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. 1907 पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा प्रदेश त्यांच्याकडे आला होता. पालखीतून, नावेतून, प्रसंगी हत्तीवरून त्या दूरदूरच्या वाड्यांपर्यंत जात. दत्तकाचे तंटे, पोटगीच्या तक्रारी, अज्ञान वारसांच्या जिवाला असलेले धोके, हे सर्व त्यांनी स्वतः ऐकले. सुमारे वीस वर्षांच्या काळात सहाशेंहून अधिक स्त्रियांना आणि पोरक्या मुलांना त्यांनी साहाय्य केले असावे असा अंदाज आहे. कित्येकदा त्यांनी त्याचा मोबदलाही घेतला नाही.

मात्र या पदाचे स्वरूप काय होते? हुद्द्याचे नावच साहाय्यकाचे. नेहमीच्या नोकरशाहीच्या उतरंडीत त्याला निश्चित जागा नव्हती. त्यांनी पाहावे, ऐकावे, अहवाल लिहावा आणि सल्ला द्यावा. निर्णय कलेक्टरने आणि महसूल मंडळाने घ्यावा. ज्या कारभाऱ्यांच्या गैरव्यवहाराविषयी त्या लिहीत, त्यांच्या नेमणुकीवर त्यांचा अधिकार चालत नव्हता. जिल्ह्याच्या साहेबाला या बाई म्हणजे आपल्या कामात होणारी ढवळाढवळ वाटे. वेतन, हुद्दा, निवृत्तिवेतन आणि कामाची व्याप्ती या साध्या गोष्टींसाठीही त्यांना वर्षानुवर्षे लिखापढी करावी लागली. 1909 मध्ये सरकारने कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. पदक देणे सोपे होते. अधिकार देणे कठीण होते. एखाद्या कर्तबगार व्यक्तीचा गौरव करून तिच्या मागण्या बाजूला ठेवण्याची कला सर्वच कचेऱ्यांना अवगत असते.

हक्क आणि मेहेरबानी

कॉर्नेलियाबाई कचेरीच्या आत झगडत असता बाहेर दुसऱ्या स्त्रिया वेगळ्या मार्गाने जात होत्या. रेजिना गुहा यांनी 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाकडे वकील म्हणून नोंदणी मागितली. कायद्यातील व्यक्ती या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही, असा त्यावर निर्णय झाला. 1921 मध्ये पाटणा येथे सुधांशुबाला हाजरा यांच्या पदरीही तेच पडले. या दोघी हरल्या. पण त्यांनी मागितली होती ती सवलत नव्हती, हक्क होता. म्हणूनच त्यांच्या पराभवाने कायद्यातले व्यंग उघडे पडले. अलाहाबादने 1921 मध्ये कॉर्नेलियाबाईंचे नाव नोंदविले खरे. परंतु सर्व प्रांतांतील सर्व स्त्रियांचा मार्ग मोकळा झाला तो 1923 च्या कायद्याने. अपवादाने एक जण आत गेली. नियम बदलला तेव्हा सगळ्यांना वाट मिळाली.

कायदा झाल्यावर कॉर्नेलियाबाईंनी 1924 मध्ये कलकत्त्यास वकिली सुरू केली. वय सत्तावन्न. अनुभव अफाट. पण पुरुष वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या मनातील अढी कायद्याने गेली नव्हती. त्यांच्याकडे येई ते मुख्यतः लेखी अभिप्रायाचे काम. न्यायालयापुढे उभे राहून बाजू मांडण्याची संधी क्वचितच मिळे. 1929 मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लंडनला राहावयास गेल्या.

या आयुष्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कॉर्नेलियाबाई साम्राज्याच्या निष्ठावंत होत्या. राष्ट्रीय चळवळीवर आणि गांधीजींवर त्यांनी टीका केली. कॅथरिन मेयो यांचे 1927 मधील भारतनिंदक पुस्तक देशभर संतापाचा विषय झाले असता त्यांनी मेयोबाईंना साथ दिली. परिणामी ज्या भारतीय स्त्रियांनी त्यांना मानाने आपले म्हणावे, त्याच दुरावल्या. ही चूक लहान नव्हती आणि तिचे समर्थन करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. पण ती समजून घेणे अवश्य आहे. ज्या व्यक्तीला आयुष्यातील प्रत्येक पायरी वरिष्ठांच्या मर्जीने चढावी लागते, तिला ती मर्जी हेच संरक्षण वाटू लागते. जोवेट, अँसन, हॉबहाउस यांनी हात दिला. भोवतालच्या वकीलवर्गाने दिला नाही. त्यांच्या अनुभवाच्या मर्यादेत साम्राज्य उपकारकर्ते ठरले. आपल्याला अडविणारा नियमही त्याच साम्राज्याचा आहे आणि पडद्याआडच्या विधवेची इस्टेट सांभाळणारी यंत्रणा प्रथम आपला सारा पाहते, हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले नव्हते. तरी त्याचा अर्थ त्यांनी लावला नाही. अपवाद म्हणून जगणाऱ्याला नियमाविरुद्ध बोलणे परवडत नाही, हीच अपवादाची खरी किंमत असते.

त्यांच्या भगिनी सुझी यांनी पुण्यात शाळा काढली. स्वतःची संस्था, स्वतःचा कारभार. ती सेंट हेलेनाज शाळा आजही उभी आहे. कॉर्नेलियाबाईंनी ज्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये उमेदीची वर्षे घालविली, ते जमीनदारीबरोबर इतिहासजमा झाले. 6 जुलै 1954 रोजी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. 2012 मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. गौरव पुन्हा एकदा उशिराच पोहोचला.

आज परिस्थिती पालटली आहे, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयात 1989 मध्ये फातिमा बीवी पहिल्या स्त्री-न्यायाधीश झाल्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 1997 मध्ये विशाखा निकालाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि 2013 मध्ये त्याचा कायदा झाला. हे सर्व हक्काच्या भाषेत लिहिले गेले आहे आणि त्यातच त्याचे मोल आहे. परंतु कागदावरील हक्क कचेरीच्या व्यवहारात पुन्हा मेहेरबानीचे रूप घेतो, हे नोकरी करणाऱ्या कोणत्याही स्त्रीला सांगावे लागत नाही. तक्रार समिती असते. तिच्यापुढे गेलेल्या स्त्रीची पुढली बढती कोणाच्या हाती असते? महत्त्वाची बैठक असते. तिचे इतिवृत्त लिहिण्याचे काम कोणाकडे येते? सल्ला स्त्रीचा आणि सही पुरुषाची, ही 1904 ची व्यवस्था आपण खरोखर मोडीत काढली आहे काय?

कॉर्नेलियाबाईंच्या बुद्धीविषयी किंवा कष्टांविषयी कोणालाही संशय घेता येणार नाही. एवढी बुद्धी आणि एवढे कष्ट खर्ची पडूनही एक यंत्रणा आपल्या जागेवरून हलली नाही, हा त्यांच्या चरित्राचा धडा आहे. यापुढे एखाद्या खात्यात पहिली स्त्री आल्याची बातमी वाचली, म्हणजे अभिनंदन अवश्य करावे. मात्र त्याबरोबर दोन प्रश्नही विचारावेत. तिच्या सहीने काय होऊ शकते? आणि तिच्यामागून येणाऱ्या दुसरीला पुन्हा परवानगी मागावी लागणार आहे काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक येईपर्यंत पहिलेपणाचे सोहळे थोडे आवरते घेतलेले बरे.