टोल्किन आणि त्यांची अमर प्रजा

पावसाळ्यांत माथेरानच्या डोंगरावरून ढग भिवपुरीवर उतरले म्हणजे खेळाचें मैदान ओस पडतें व मुलें व्हरांड्यांत फासे घेऊन बसतात. पालकांनीं घाबरूं नये. हा जुगार नव्हे. एक मुलगा सूत्रधार होऊन कथा सांगतो, बाकीचे कथेंतील एकेक पात्र होतात, आणि पात्राचा बेत तडीस गेला कीं फसला हें फाशांवरून ठरतें. गतवर्षीं या खेळांत तंटा उपस्थित झाला. चौघांसही एल्फच व्हावयाचें होतें. एल्फ ही देखणी, अमर, धनुर्विद्येंत व मंत्रविद्येंत निपुण अशी एक कल्पित जात आहे. मग साधा माणूस कोणीं व्हावें? गाऱ्हाणें माझ्याकडे आलें. ज्या गृहस्थांच्या लेखणीनें या जातीस आजचें रूप आलें, त्यांचें चरित्र मीं त्यानिमित्त पुन्हां वाचलें. तें येथें थोडक्यांत देत आहें.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म ता. ३ जानेवारी १८९२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें झाला. वडील तेथें एका बँकेचे व्यवस्थापक होते. आई दोन्ही मुलांस घेऊन इंग्लंडांत आली असतां १८९६ सालीं वडील तिकडेच वारले. पुढें आईनें रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला म्हणून आप्तांनीं मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ सालीं मधुमेहानें तीही गेली. इन्सुलिन हें औषध १९२२ सालीं प्रथम वापरांत आलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या काळीं हा रोग केवढा घातक होता तें समजेल. बारा वर्षांच्या या पोरक्या मुलाचा सांभाळ मग एका धर्मगुरूंनीं केला.

बर्मिंगहॅमच्या शाळेंत चौघां मित्रांचा मेळा जमला होता. ग्रंथालयांत चोरून चहा करणें हा त्यांचा आवडता उद्योग. (आमच्या विद्यार्थ्यांनीं याचें अनुकरण करूं नये.) १९१६ सालीं सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशीं त्यांतील गिल्सन पडला; डिसेंबरांत स्मिथ गेला. टोल्किन खंदकांतील तापानें आजारी होऊन परतले, आणि त्या आजारपणाच्या काळांत एल्फांच्या कथा लिहूं लागले. त्या प्रजेसाठीं त्यांनीं भाषाही रचिल्या. एकीवर फिनिश भाषेची छाया आहे, दुसरीवर वेल्शची.

चोविसाव्या वर्षीं ज्यानें इतके मृत्यु पाहिले, त्यानें अमर प्रजा कल्पावी यांत नवल नाहीं. नवल पुढेंच आहे. या अमरांस त्यांनीं सुखी केलें नाहीं. एल्फांस रोग नाहीं, जरा नाहीं. शस्त्रानें वा शोकानें मात्र मरण येतें. परंतु जग आहे तोंवर त्यांस जगांतून सुटका नाहीं, आणि जें जें प्रिय तें तें झिजतांना पाहणें त्यांच्या कपाळीं आहे. मनुष्य मरून जगाबाहेर जातो. टोल्किन यांच्या कथांत हें मरण मनुष्यास मिळालेली देणगी ठरतें. आपल्याकडे अश्वत्थाम्याचें चिरंजीवित्व कोणास हवेंसें वाटतें? देवांस सोडून, ज्याच्या अंगास घाम येतो व ज्याची माळ कोमेजते अशा नळास दमयंतीनें वरिलें. टोल्किन यांची लूथिएन तिच्याही पुढें गेली. मर्त्य बेरेनसाठीं तिनें आपलें अमरत्वच सोडिलें. ही लूथिएन त्यांस सुचली ती १९१७ सालीं त्यांच्या पत्नी एडिथ रानांत त्यांच्यापुढें नाचल्या तेव्हां.

१९२५ पासून १९५९ पर्यंत ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक होते. ‘द हॉबिट’ १९३७ सालीं आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ सालीं प्रसिद्ध झालें. या दुसऱ्या ग्रंथांत दुष्ट अंगठी नष्ट करावयाची असते. जो जितका समर्थ, त्यास अंगठीचा धोका तितका मोठा. म्हणून एल्फराणी गॅलॅड्रिएल ती हातीं घेत नाहीं, आणि काम बुटक्या हॉबिटांकडे जातें.

एडिथ १९७१ सालीं निवर्तल्या व ता. २ सप्टेंबर १९७३ रोजीं टोल्किनही गेले. ऑक्सफर्ड येथें दोघांच्या थडग्यावर त्यांच्या नांवांखालीं लूथिएन व बेरेन हीं नांवें कोरलेलीं आहेत.

पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि आमच्या व्हरांड्यांतला तंटा तेथेंही उभा राहिला. त्यांनीं तोड काढली ती अशी कीं, एल्फानें योद्धा म्हणून चौथ्या व मांत्रिक म्हणून आठव्या पायरीवर थांबावें. मनुष्यास मर्यादा नाहीं. मला हा न्याय लंगडा वाटतो. खेळ लवकर संपला तर एल्फास त्याची झळ पोंचत नाहीं, आणि मनुष्य झालेला मुलगा आरंभापासून मागें राहतो. २००० सालच्या नियमांत ही मर्यादा काढून टाकली. मनुष्यास एक गुण व कांहीं कौशल्यें अधिक दिलीं, आणि एल्फ चपळ पण नाजूक ठरविला. हें मला बरें वाटतें.

आमच्या सूत्रधारास मीं अंगठीची गोष्ट सांगितली, आणि समर्थासच जिचा धोका अधिक अशी एखादी वस्तु कथेंत घाल असें सुचविलें. दुसऱ्या दिवशीं दोघे एल्फ झाले व एक माणूस झाला. चौथ्यानें हॉबिट होण्याचें कबूल केलें, मात्र बुटका म्हणून कोणीं हसूं नये या अटीवर.