सुया तिच्या, गणितही तिचं

1950च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या एका बाईने स्वतः डिझाइन केलेला स्वेटर एका मासिकाला विकला. गोल सुईवर नळीसारखा सलग विणलेला, खांद्यांभोवती रंगीत नक्षी असलेला. अंक छापून आला. स्वेटर तिचाच होता, पण सोबत दिलेली कृती तिची नव्हती! पुढचा भाग वेगळा विणा, मागचा वेगळा विणा, मग शिवून जोडा, अशी ती बदलून टाकलेली. तिकडे तेव्हा बहुतेक जणी तसंच विणायच्या, मग हिचं वेगळं कशाला?

दुसरी कुणी असती तर चार दिवस चिडचिड करून गप्प बसली असती. एलिझाबेथ झिमरमन गप्प बसली नाही. 1958 साली, वयाच्या 48व्या वर्षी, तिने स्वतःचं छोटंसं पत्रक काढलं. आपली कृती, आपल्या शब्दांत, कुणाच्याही कात्रीशिवाय. पुढच्याच वर्षी त्यातून ‘स्कूलहाउस प्रेस’ हा तिचा घरगुती व्यवसाय उभा राहिला. लोकर, सुया, पुस्तकं, सगळं पोस्टाने.

ती मूळची इंग्लंडची. जन्म 1910चा, लंडनचा. विणायला शिकली ती आई आणि मावश्या-आत्यांकडून. धागा उजव्या हातात, अशी ती इंग्लिश पद्धत. मग एका स्विस गव्हर्नेसने धागा डाव्या हातात धरायची युरोपीय पद्धत दाखवली. ही पद्धत एलिझाबेथच्या हातात कायमची बसली. तिचं शिक्षण मात्र विणकामाचं नव्हे, चित्रकलेचं. आधी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आणि मग जर्मनीत म्युनिकला. तिथेच तिला आर्नोल्ड झिमरमन भेटला. तो बिअर बनवण्याच्या धंद्यातला. हिटलरबद्दल नको ते बोलल्यामुळे त्याला देश सोडावा लागला. 1937 साली दोघांनी इंग्लंडमध्ये लग्न केलं आणि अमेरिका गाठली. तीन मुलं झाली आणि शेवटी विस्कॉन्सिनमध्ये बस्तान बसलं. नंतर त्यांनी घर केलं तेही एका जुन्या शाळेच्या इमारतीत.

आता विणकामाकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. (मुलांनो, पान उलटू नका. हे तुमच्यासाठीपण आहे.)

दोन सुयांवर सपाट विणताना एक ओळ सुलट, एक ओळ उलट करावी लागते. गोल सुईवर विणलं की फक्त सुलटच, फेऱ्यांवर फेऱ्या. उजवी बाजू सतत समोर, त्यामुळे रंगीत नक्षी चुकली तर लगेच कळतं. शेवटी शिवाशिवी जवळजवळ नाहीच. आणि पुढून उघडणारा स्वेटर हवा असेल तर? नळी विणायची, मधोमध मशीनने दोन शिवणी मारायच्या आणि मधून सरळ कात्रीने कापायचं. हो, विणलेला स्वेटर कापायचा! नॉर्वेत हे पूर्वीपासून चालत आलेलं. एलिझाबेथने ते अमेरिकेतल्या घाबरट विणणाऱ्यांच्या गळी उतरवलं. खरी लोकर एकमेकींना धरून राहते, भराभर उसवत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

पण माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे टक्केवारी. छापील पॅटर्न सांगतो, इतके टाके घाला. पण प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी घट्ट विणतं, कुणी सैल. पॅटर्न मुकाट्याने फॉलो केला तर स्वेटर एकतर डोक्यातून जात नाही, नाहीतर गुडघ्यापर्यंत येतो. एलिझाबेथचं म्हणणं असं की आधी नमुना विणा आणि इंचाला किती टाके बसतात ते मोजा. नमुना म्हणून ती चक्क टोपी विणायला सांगायची, म्हणजे मेहनत फुकट जात नाही. समजा, इंचाला 5 टाके आले आणि स्वेटरचा छातीचा घेर 40 इंच हवाय. झाले 200 टाके. हे तुमचे 100 टक्के. मनगटाला त्याचे 20 टक्के, म्हणजे 40. दंडाला 33 टक्के, म्हणजे 66. काखेत 8 टक्के, म्हणजे 16. गळ्याला 40 टक्के, म्हणजे 80. बास. कुठलीही लोकर, कुठलंही माप, पॅटर्न विकत घ्यायची गरजच नाही. जी बाई पॅटर्न विकून पोट भरते तीच हे सांगते, याची मला फार गंमत वाटते.

गोल शालीसाठी तर तिने दहावीची भूमिती वापरली. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो. म्हणून 9 टाक्यांनी सुरुवात करायची, मग एका फेरीत 18, पुढे 36, 72, 144. प्रत्येक वेळी मधल्या साध्या फेऱ्याही दुप्पट करत जायच्या: 3, 6, 12, 24. दोन दुपटींच्या मध्ये टाके वाढवायची भानगड नाही. हिचं नाव अर्थातच ‘पाय शाल’, गणितातला पाय.

इतकं करूनही आपण काही शोधलं असं ती म्हणत नसे. ‘इन्व्हेंट’ऐवजी तिने ‘अनव्हेंट’ हा स्वतःचा शब्द काढला. जगात कुठेतरी, कधीतरी, कुणीतरी आजी हे आधीच करून गेली असेल, असं तिला वाटायचं.

1960च्या दशकात ती टीव्हीवर विणकाम शिकवत होती. 1971 साली ‘निटिंग विदाउट टीअर्स’ आलं, 1974 साली ‘निटर्स अल्मनॅक’. त्याच वर्षी तिची विणकामाची शिबिरंही सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून बदनाम झालेली डाव्या हाताची पद्धत अमेरिकेत पुन्हा रुजली, त्याचं बरंच श्रेय तिला देतात. विणकाम तिच्या हातातून कधी सुटलंच नाही. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसूनही तिच्या सुया चालायच्या.

30 नोव्हेंबर 1999 रोजी ती गेली. मुलगी मेग स्वॉन्सनने तिच्यामागे स्कूलहाउस प्रेस सांभाळली.

तिचं 1968चं बाळाचं ‘सरप्राइज जॅकेट’ आजही जगभर विणलं जातं. विणून झालं की हातात वेडंवाकडं फडकं दिसतं. दोन घड्या घातल्या की जॅकेट होतं आणि शिवायचे फक्त दोन खांदे. सुरुवात 160 टाक्यांनी. लोकर आणि सुया जाड घेतल्या तर तेच जॅकेट बाळाच्या मोठ्या भावालाही होतं, टाके तेवढेच ठेवून.