रस्तेनिधीचा पाया घालणारे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर

बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांचे नाव घेतले, की प्रथम आठवते ती गांधीजी व व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात समेट घडविण्यासाठी त्यांनी केलेली मध्यस्थी, त्यानंतर गोलमेज परिषद आणि मग पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपद. देशातील महामार्गांच्या दीर्घकालीन नियोजनाची आणि निधीची पहिली सुसंगत मांडणीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली, ही बाब मात्र अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी परिचित नाही.

जयकरांचा जन्म 13 नोव्हेंबर 1873 रोजी झाला. मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर ते इंग्लंडला गेले व 1905 मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी नामांकित वकील म्हणून लौकिक मिळविला. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासह त्यांचाही समावेश होता. पुढे स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात गेले आणि 1926 मध्ये केंद्रीय विधानसभेवर निवडून आले.

याच काळात रस्त्यांचा प्रश्न तीव्र झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते मोटारींच्या वेगाने उखडू लागले. 1919 च्या सुधारणांनुसार रस्ते हा विषय प्रांतांकडे सोपविण्यात आला होता आणि प्रांतांनी त्यातील बराच भार जिल्हा मंडळांवर टाकला होता. या मंडळांचे उत्पन्न तुटपुंजे होते. उलट, मोटारी आणि पेट्रोल यांवरील कराचे उत्पन्न केंद्राच्या तिजोरीत जमा होत असे. रस्ता झिजत होता प्रांताचा, महसूल मिळत होता केंद्राला, अशी ही विसंगती होती.

या पार्श्वभूमीवर 1927 मध्ये सरकारने विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची भारतीय रस्ते विकास समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जयकरांकडे दिले. सरकारवर टीका करणाऱ्या बाकांवरील नेत्याने सरकारी समितीचे नेतृत्व करावे, ही त्या वेळी लक्षणीय गोष्ट होती. त्याच सुमारास सायमन आयोगावर बहिष्कार पुकारण्यात आला होता आणि बहिष्कार घालणाऱ्यांत जयकरही होते. परंतु राजकीय हक्कांचा लढा वेगळा आणि शेतमाल बाजारात पोहोचविणारा रस्ता वेगळा, हे तारतम्य त्यांनी राखले.

समितीचा अहवाल 1928 मध्ये सादर झाला. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आर्थिक कुवतीपलीकडे गेला असून तो राष्ट्रीय हिताचा विषय बनला आहे, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. पेट्रोलवर अतिरिक्त कर बसवावा आणि त्याचे उत्पन्न केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावे, अशी शिफारस समितीने केली. ज्या वाहनांमुळे रस्ता झिजतो, त्यांच्या इंधनातूनच दुरुस्तीचा खर्च निघावा, असे हे सूत्र होते. तांत्रिक विचारविनिमयासाठी अभियंत्यांची निमसरकारी संस्था असावी आणि संशोधनाची सोय व्हावी, असेही समितीने सुचविले.

सरकारने शिफारस स्वीकारली. 1 मार्च 1929 पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लागू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. त्यातील काही हिस्सा केंद्राकडे राखून उर्वरित रक्कम प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात दिली जाऊ लागली. आर्थिक वर्ष संपल्यावर शिल्लक रक्कम तिजोरीत परत न जाता निधीतच राहावी, ही त्यातील महत्त्वाची तरतूद होती. रस्त्याचे काम एका वर्षात पुरे होत नाही. अंदाजपत्रकाच्या वार्षिक चढउतारांपासून त्याला संरक्षण नसेल, तर दीर्घकालीन आराखडा कागदावरच राहतो.

डिसेंबर 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. 1943 मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत देशाची पहिली वीस वर्षांची रस्तेविकास योजना तयार झाली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही वर्गवारी याच योजनेने रूढ केली. दर 100 चौरस किलोमीटर क्षेत्रामागे सुमारे 16 किलोमीटर रस्ते हे तिचे उद्दिष्ट होते. 1952 मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली.

जयकरांचा मार्ग तोवर अन्यत्र वळला होता. तेजबहादूर सप्रू यांच्यासमवेत त्यांनी काँग्रेस व सरकार यांच्यात समेटाचे प्रयत्न केले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. 1937 मध्ये ते नव्या संघ न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1939 मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. डिसेंबर 1946 मध्ये संविधान सभेत त्यांनी, मुस्लिम लीग व संस्थानांच्या प्रतिनिधींना सहभागाची संधी मिळावी यासाठी उद्दिष्टांचा ठराव पुढे ढकलण्याची दुरुस्ती मांडली.  1948 ते 1956 या काळात त्यांनी पुणे विद्यापीठाची उभारणी केली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. 10 मार्च 1959 रोजी त्यांचे निधन झाले.

1929 चा निधी ठरावाच्या आधारे उभा राहिला होता; त्यामागे स्वतंत्र कायदा नव्हता. रस्त्यांच्या गरजा वाढत गेल्या, तशी त्यातील रक्कम अपुरी पडू लागली. अखेर संसदेने केंद्रीय रस्ते निधी कायदा, 2000 संमत करून पेट्रोल व डिझेलवरील उपकराला वैधानिक आधार दिला. राष्ट्रीय महामार्गांसोबत राज्यांतील रस्ते आणि ग्रामीण रस्तेही त्याच्या कक्षेत आले. 2018 मध्ये या निधीची व्याप्ती अन्य पायाभूत सुविधांपर्यंत वाढविण्यात आली व त्याचे नावही बदलले. रस्त्यांसाठी गोळा केलेला पैसा रस्त्यांवरच किती खर्च व्हावा, हा जयकर समितीपुढील प्रश्न त्यामुळे आजही तितकाच प्रस्तुत ठरतो.