एका बेटाचे झाड : सर जोसेफ हूकर

आमच्या बेळगाव भागात गौर येते ती तेरड्याची. भाद्रपदात मुळांसकट रोपे आणायची, धुवायची, पूजा करून घरात घ्यायची. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण तर आपल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली आहे. या तेरड्याच्या जातकुळीचा अभ्यास करण्यात एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने नव्वदी ओलांडल्यावरही आपले दिवस घालवले, हे मला अगदी अलीकडे कळले. त्यांचे नाव सर जोसेफ डाल्टन हूकर. डार्विन हे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, पण डार्विनच्या पाठीशी जन्मभर उभा राहिलेला हा मित्र आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. त्यांचे चरित्र वाचताना मी ज्या ठिकाणी थबकलो, ती जागा आपल्यापासून फार लांब आहे. पॅसिफिक महासागरातली गॅलापागोस ही ज्वालामुखीची बेटे आणि त्या बेटांवाचून जगात कुठेही न उगवणारी झाडे.

मी शेतकी पदविका घेतलेला राज्य सरकारचा साधा नोकर. माझे निम्मे आयुष्य नोंदी करण्यात गेले आहे. कोणते गाव, कोणता सर्व्हे नंबर, कोणती तारीख. एक रकाना चुकला की पुढचे सगळे काम चुकते, हे मी रोज पाहतो. म्हणूनच हूकर यांची गोष्ट मला जवळची वाटली. त्यांचे मोठेपण एका साध्या रकान्यातून सुरू झाले. तो रकाना होता ‘कुठे सापडले’ याचा.

जोसेफ हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात झाला. वडील विल्यम हूकर हे ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलगा सात वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या व्याख्यानांना जाऊन बसे. आजोबांच्या मांडीवर बसून कॅप्टन कुकच्या सफरीचे पुस्तक चाळताना त्याला कर्गेलेन या दूरच्या ओसाड बेटाचे चित्र फार आवडे. तिथे आपणही जायचे, असे त्या पोराने मनाशी धरले.

ते खरे व्हायला फार वर्षे लागली नाहीत. १८३९ मध्ये हूकर डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी ‘एरेबस’ या जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर निघाले. कप्तान होते जेम्स क्लार्क रॉस. निघण्यापूर्वी डार्विन यांच्या प्रवासवर्णनाची छापखान्यातली कच्ची पाने त्यांच्या हाती आली होती. परीक्षेची तयारी सुरू असल्याने दिवसा सवड नसे, म्हणून ती उशाखाली ठेवून झोपायचे आणि जाग आल्याबरोबर वाचायची, असा त्यांचा क्रम होता.

१८४० च्या मे महिन्यात जहाज कर्गेलेनला लागले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ तिथे राहिले. हेही बेट ज्वालामुखीचेच, कुठल्याही खंडापासून हजारो मैल दूर, बारमाही वाऱ्याचे. थिजलेल्या जमिनीत चिकटून बसलेली शेवाळी आणि दगडफूल हूकर हातोडीने ठोकून काढत. तेवढ्याने निघाले नाही तर त्यावर बसून अंगाच्या उबेने ते सैल करत. तिथे मोहरीच्या कुळातली एक कोबीसारखी भाजी उगवते. तिच्यामुळे खलाशांना ताजा पाला मिळाला. ही कोबी त्या बाजूच्या मोजक्या बेटांखेरीज जगात कुठेच नाही. बाकी कुठे नसलेली वनस्पती नेमकी अशा एकाकी बेटावरच का असावी, हा प्रश्न बाविसाव्या वर्षी त्यांच्या मनात शिरला तो कायमचा.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, हूकर घरी परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना डार्विन यांचे पत्र आले. वयाने आठ वर्षांनी मोठे असलेले डार्विन तेव्हा नामांकित झाले होते. १८३५ मध्ये त्यांनी गॅलापागोसवर पाच आठवडे काढले होते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत समुद्रात असलेली, लाव्हारसातून वर आलेली, कुठल्याही खंडाला कधीच न जोडलेली अशी ही बेटे. तिथल्या चार बेटांवरून आणलेल्या वाळवलेल्या वनस्पती त्यांनी आपले गुरू प्राध्यापक हेन्स्लो यांच्याकडे दिल्या होत्या. हेन्स्लो यांच्या मागे कामाचा व्याप मोठा, त्यामुळे ते गठ्ठे काही वर्षे जवळजवळ तसेच पडून राहिले. ते तुम्ही तपासाल का, अशी विचारणा डार्विन यांनी हूकर यांना केली. हूकर यांनी काम अंगावर घेतले.

इथे त्या रकान्याची गोष्ट येते. बेटांवर असताना डार्विन यांच्या हातून एक चूक झाली होती. पक्षी गोळा करताना कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे त्यांनी सर्वत्र लिहून ठेवले नव्हते. पुढे जहाजावरच्या सोबत्यांच्या संग्रहांचा आधार घेऊन त्यांना ते जुळवत बसावे लागले. वनस्पतींचे मात्र तसे झाले नाही. फुलावर असलेले जे जे दिसेल ते त्यांनी घेतले होते आणि बेटाचे नावही सोबत ठेवले होते. ते नाव नसते तर हूकर यांच्यापुढे नुसता वाळलेल्या पानांचा ढीग उरला असता.

हूकर यांनी एकेक नमुना भिंगाखाली घेतला, आधीच्या संग्राहकांनी आणलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिला आणि मग हिशेब मांडला. त्या वेळी माहीत असलेल्या १८५ फुलझाडांपैकी १०० जाती नवीन निघाल्या, आणि त्या बहुधा या द्वीपसमूहाबाहेर कुठेच नव्हत्या. याहून मोठे आश्चर्य पुढे होते. जेम्स बेटावरच्या ७१ वनस्पतींपैकी ३८ फक्त गॅलापागोसच्या होत्या आणि त्या ३८ पैकी ३० एकट्या जेम्स बेटावरच सापडल्या होत्या. शेजारच्या अल्बेमार्ल बेटावर अशा २६ पैकी २२, चार्ल्सवर २९ पैकी २१ आणि चॅथमवर १६ पैकी १२. बेटे एकमेकांना दिसण्याइतकी जवळ, दगड तोच, हवा तीच, तरी प्रत्येकाची झाडे वेगळी.

एक उदाहरण सांगतो. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही एकाच कुळातली मंडळी, आपल्याकडे कमरेइतकी किंवा फार तर डोक्याइतकी वाढणारी. गॅलापागोसवर याच कुळातल्या स्कॅलेशिया नावाच्या वनस्पतीची झाडे होतात. त्यांतली एक जात तर आपल्या आंब्याच्या झाडाइतकी उंच जाते आणि तिचे अख्खे जंगल उभे राहते. त्या जातीचे शास्त्रीय नाव हूकर यांनीच ठेवले. त्यांच्या हाती स्कॅलेशियाच्या सहा जाती होत्या आणि त्यांतली एकही जात दोन बेटांवर नव्हती. ज्या बेटांवर मोठी झाडे पोहोचलीच नाहीत, तिथे झेंडूच्या भावकीने मोठ्या झाडाची जागा घेतली, असे आज त्याचे उत्तर दिले जाते.

या आकड्यांनी डार्विन यांचा आनंद गगनात मावेना. प्रत्येक जात परमेश्वराने वेगवेगळी निर्माण केली असेल, तर शेजारच्या दोन बेटांवर एकमेकांच्या चुलत बहिणी शोभतील अशा वेगळ्या जाती का असाव्यात? आणि त्या सगळ्यांचे साम्य नेमके समोरच्या अमेरिकेच्या वनस्पतींशीच का असावे? बाहेरून आलेल्या मोजक्या बियांपासून बेटागणिक वंश वेगळे होत गेले, हेच उत्तर जुळत होते. जानेवारी १८४४ मध्ये डार्विन यांनी जाती बदलतात हा आपला विचार हूकर यांना पत्राने कळवला. एखादा मोठा अपराध कबूल करावा तसे अवघडत त्यांनी ते लिहिले होते. हूकर यांना ते लगेच पटले नाही. पण त्यांनी ते गुपित सांभाळले, मागितली ती माहिती पुरवली आणि जिथे शंका वाटली तिथे उघडपणे वाद घातला.

बेटांवर बिया पोहोचल्या कशा, यावर दोघांचे मुळीच जमत नव्हते. एके काळी जमीन जोडलेली असावी, असे हूकर यांचे मत. बिया समुद्रावरून आल्या, असे डार्विन यांचे. १८५५ मध्ये डार्विन यांनी घरात खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत बिया भिजत घातल्या आणि कित्येक दिवसांनी त्यांना मोड आले, तेव्हा मित्राला चिडवण्याची संधी त्यांनी सोडली नाही. असा वाद आणि अशी मैत्री चाळीस वर्षे चालली.

मधल्या काळात हूकर भारतात आले. १८४८ च्या आरंभी ते कलकत्त्यास उतरले आणि पुढे दार्जिलिंगहून सिक्कीमच्या डोंगरांत गेले. १८४९ च्या अखेरीस सिक्कीमच्या दिवाणाने त्यांना आणि त्यांचे सोबती डॉ. कॅम्पबेल यांना काही आठवडे अटकेतही ठेवले होते. इंग्लंडला परतल्यावर १८५१ मध्ये त्यांनी फ्रान्सिस हिच्याशी विवाह केला. ज्यांच्याकडे ते गॅलापागोसचे गठ्ठे पडून होते, त्या हेन्स्लो यांचीच ती कन्या.

१ जुलै १८५८ रोजी डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले. ते घडवून आणले हूकर आणि लायेल यांनी. त्याच आठवड्यात डार्विन यांचे तान्हे मूल गेले होते, ते स्वतः येऊ शकत नव्हते. पाच वर्षांनी, १८६३ मध्ये, हूकर यांची सहा वर्षांची लाडकी मुलगी गेली. त्या दुःखात त्यांनी पत्र लिहिले ते डार्विन यांनाच, कारण लेक जाणे म्हणजे काय हे डार्विन यांना ठाऊक होते.

१८६५ मध्ये हूकर वडिलांच्या पश्चात क्यू येथील राजोद्यानाचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम येथे त्यांनी महासागरी बेटांच्या वनस्पतींवर व्याख्यान दिले. बियांच्या वादात आता ते डार्विन यांच्या बाजूला पुष्कळसे झुकले होते. त्याच व्याख्यानात त्यांनी सेंट हेलेना बेटाची कहाणी सांगितली. पोर्तुगीज खलाशांनी सोडलेल्या शेळ्यांनी तिथली कोवळी रोपे खाल्ली, जुनी झाडे माणसांनी तोडली आणि जगात दुसरीकडे नसलेल्या जाती नाहीशा झाल्या. एका बेटावरचे झाड गेले की ते जगातूनच जाते, हे त्यांनी फार आधी ओळखले.

पण त्यांच्या हातूनही एक गोष्ट घडली होती. १८४३ मध्ये परतीच्या वाटेवर ते अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर गेले होते. हेही ज्वालामुखीचे, उघडेबोडके बेट, मूळचे थोडे नेचे आणि गवत एवढेच. पाणी वाढावे म्हणून डोंगरावर झाडे लावा, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे क्यूमधून आणि इतर ठिकाणांहून रोपे पाठवली गेली आणि डोंगर हिरवागार झाला. वस्तीची सोय झाली, पण बाहेरच्या झाडांच्या गर्दीत मूळच्या नेच्यांची जागा गेली. त्यांतला एक नाजूक नेचा नामशेष झाला असेच मानले जात होते. या शतकात तो एका कड्यावर पुन्हा मोजकाच सापडला. हिरवे केले म्हणजे चांगलेच केले असे नसते, हे या प्रसंगावरून कळते. शेतकी खात्यातल्या माणसाने तर हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गॅलापागोसवरही तेच झाले. ज्या जेम्स बेटाच्या तीस वनस्पतींनी हूकर यांना चकित केले, त्या बेटावर, ज्याला आज सँटियागो म्हणतात, मोकाट शेळ्या इतक्या माजल्या की या शतकाच्या आरंभी त्या हजारोंनी हटवाव्या लागल्या. स्कॅलेशियाच्या जंगलात बाहेरून आणलेली काटेरी ब्लॅकबेरी पसरते आहे आणि ती काढण्याचे काम तिथली माणसे वर्षानुवर्षे करत आहेत.

हूकर यांनी आपल्या देशाच्या वनस्पतींचे सात खंड १८७२ ते १८९७ या पंचवीस वर्षांत पुरे केले. त्यानंतर म्हातारपणी ते तेरड्याच्या कुळाकडे वळले. हे फूल वाळले की चुरगळते आणि त्याचा आकार कळत नाही, म्हणून भलेभले ते टाळत. हूकर वाळलेली फुले भिजवून, उलगडून, एकेक पाकळी तपासत आणि चित्र काढत. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डार्विन यांच्याजवळ जागा देऊ केली होती. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे क्यूला, वडिलांशेजारी त्यांना विसावा मिळाला.

आपला सह्याद्रीही लाव्हाच्याच थरांचा. कासच्या सड्यावर पावसाळ्यात तेरड्याची एक गुलाबी-जांभळी रानबहीण फुलते. हूकर आणि त्यांचे मित्र थॉमसन यांनी तिला लॉ नावाच्या मुंबई इलाख्यातल्या एका सनदी अधिकाऱ्याचे नाव दिले. ती या सह्याद्रीखेरीज जगात कुठेच नाही. परसातला तेरडा उपटला तर पुढच्या पावसात तो पुन्हा उगवतो. सड्यावरच्या त्याच्या बहिणीचे तसे नाही. भोवती समुद्र नसला तरी तिचा सडा हे एक बेटच आहे. यंदा गौरीची आणि पत्रीची तयारी करताना परसातले, बांधावरचे जरूर आणावे. आंबोली, चोर्ला, कासला गेलेल्या मुलाबाळांना मात्र सड्यावरची फुले पाहू द्यावीत, उपटू देऊ नयेत. आणि फोटो काढलाच तर त्याखाली जागेचे नाव लिहायला सांगावे.