वॉशिंग मशीनच्या मोटारीवर घडलेली गिटार

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की फेंडर, गिब्सन, रिकेनबॅकर अशी नावे चटकन ओठांवर येतात. मात्र, ज्यांच्या खटपटीमुळे या वाद्याला प्रथम विजेचा आवाज लाभला, ते जॉर्ज बीचम आज वादकांनाही फारसे परिचित नाहीत.

बीचम यांचा जन्म 18 मार्च 1899 रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. व्हायोलिन आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार ही त्यांची वाद्ये. व्हॉडव्हिल नावाने ओळखल्या जाणाऱ्या विविधरंगी कार्यक्रमांतून त्यांनी रंगमंच गाजवला. तेथेच एक शल्य त्यांच्या मनात घर करून बसले. ब्रास वाद्यांचा ताफा सुरू झाला की गिटारचा नाजूक स्वर पार बुडून जाई. वादक जीव तोडून वाजवी. पण मागच्या रांगेपर्यंत काहीच पोहोचत नसे.

पहिला उपाय धातूचा होता. कारागीर जॉन डोपेरा यांच्या साथीने गिटारच्या पोटात अॅल्युमिनियमचे शंकू बसवण्यात आले आणि नॅशनल कंपनीची ही वाद्ये लोकप्रियही झाली. परंतु भागीदारांत बेबनाव झाला. 1929 मध्ये डोपेरा बाहेर पडले, तर 1931 मध्ये बीचम यांच्यावरही कंपनी सोडण्याची वेळ आली. देशावर महामंदीचे सावट होते.

तोवर बीचम यांचे लक्ष विजेकडे वळले होते. त्यांनी रात्रीच्या वर्गांत इलेक्ट्रॉनिक्सचे धडे गिरवले. एका साध्या लाकडी ओंडक्यावर एकच तार ताणून, त्याला ग्रामोफोनचा पिकअप जोडून त्यांनी प्रयोग आरंभले. तत्त्व सोपे होते. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार कंप पावली की ते क्षेत्र बदलते आणि शेजारच्या तांब्याच्या गुंडाळीत सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवला की झाले!

खरी कसोटी होती ती गुंडाळीची. प्रवाह अत्यंत क्षीण असल्याने केसासारख्या बारीक तारेचे असंख्य वेढे द्यावे लागतात. हाताने हे काम करणे म्हणजे संयमाची परीक्षाच. ताण किंचित वाढला तर तार तुटते आणि सारी मेहनत वाया जाते. कमी पडला तर गुंडाळी सैल राहते. यावर बीचम यांनी घरगुती तोड काढली. वॉशिंग मशीनची मोटार वापरून त्यांनी तार गुंडाळण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यांचे सहकारी पॉल बार्थ यांनी पुढे सांगितल्यानुसार, नंतर शिलाई यंत्राची मोटार वापरली गेली.

या गुंडाळीला नालाच्या आकाराच्या दोन चुंबकांची आणि प्रत्येक तारेखाली एक अशा सहा लोखंडी खुंट्यांची जोड मिळाली. नॅशनलमधील जुने सहकारी हॅरी वॉटसन यांनी लाकडातून वाद्याचा सांगाडा कोरला. लांब दांडी आणि गोल थाळी अशा रूपामुळे त्याचे नाव पडले ‘फ्राइंग पॅन’.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले यंत्रकारागीर अॅडॉल्फ रिकेनबॅकर भागीदार झाले आणि 1932 मध्ये ओतीव अॅल्युमिनियमच्या गिटारचे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी पेटंटसाठी अर्जही गेला. मात्र, हे उपकरण खरोखर चालते का, अशी शंका पेटंट कार्यालयाला होती. अखेर सोल होओपिई आदी वादकांना वॉशिंग्टनला धाडून अधिकाऱ्यांसमोर वाद्य वाजवून दाखवावे लागले. 10 ऑगस्ट 1937 रोजी पेटंट क्रमांक 2,089,171 हाती पडला, तोवर प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गिटार बाजारात स्थिरावल्या होत्या. शोध आपला, पण वाटेकरी अनेक, अशी त्यांची गत झाली.

बीचम यांना मासेमारीचा छंद होता. गळाला लावायच्या कृत्रिम आमिषांची रचनाही त्यांनी केली आणि 1940 मध्ये कंपनीतील आपला हिस्सा विकून ते बाहेर पडले. पुढल्याच वर्षी, 30 मार्च 1941 रोजी, समुद्रात मासेमारी करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे 42.

रॉक संगीताचा झंझावात त्यांना पाहता आला नाही. मुंबईत व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर लोकप्रिय केल्या, त्याही त्यानंतरच. कारखान्यावर आणि वाद्यावर नाव कोरले गेले ते रिकेनबॅकर यांचे. तरीही आज एखादा हौशी तरुण जुन्या शिलाई यंत्राची मोटार, वेढे मोजणारा काटा आणि तांब्याच्या तारेचे रीळ घेऊन घरीच पिकअप गुंडाळायला बसतो, तेव्हा तो नकळत बीचम यांचाच कित्ता गिरवत असतो.