डॉ. सालिम अली आणि कडी घातलेले पाहुणे

बाप्पा आपल्या गावाला जातात त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांत आणि खाड्यांच्या चिखलात थंडीचे पाहुणे उतरू लागतात. टिलवा हा त्यातला चिमुकला पक्षी. वजन जेमतेम २५ ग्रॅम, पण येतो थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून! असे पाहुणे येतात कुठून आणि जातात कुठे, याचा शोध आपल्या देशात ज्यांनी चिकाटीने लावला, ते डॉ. सालिम अली.

त्यांचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मिलार्डसाहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली आणि आयुष्याची दिशा ठरली.

पदवी मात्र हाती नव्हती. त्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. (आम्हा डिप्लोमावाल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको!) मग ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये प्रा. स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र पाहून आले. परतल्यावर नोकरी नाही. अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, त्याने नाव झाले. १९३९-४० मध्ये त्यांनी आपल्या म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. पत्नी तेहमिना १९३९ मध्येच वारल्या होत्या. त्या दुःखातही काम थांबले नाही.

हेलिगोलँडची विद्या कामी आली ती फार उशिरा, आणि निमित्त घडले आपल्याच कर्नाटकात. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडली. विषाणू रशियातील एका विषाणूच्या जवळचा निघाला. स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो आला असेल का, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली. १९५९ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, सालिम अलींनी पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी मोहीम हाती घेतली. पक्षी पकडण्यात पिढीजात तरबेज असलेले बिहारचे मीरशिकार सोबतीला घेतले. तामिळनाडूत कोडिक्कराईच्या मिठागरांच्या दलदलीत तुतारी, टिलवे असे हजारो किनारी पक्षी अलगद धरून, कडी घालून, पुन्हा सोडले गेले. कडीवर क्रमांक आणि सोसायटीचे नाव. भरतपूरला कडी घातलेली बदके सोव्हिएत रशियात सापडली, तेव्हा नुसत्या अंदाजाला पुरावा मिळाला. पक्ष्यांवरचा संशय मात्र सिद्ध झाला नाही.

२० जून १९८७ रोजी मुंबईत ते वारले. कच्छच्या रणातील रोहितांची वस्ती त्यांनी १९४५ मध्ये पाहिली होती. मुंबई बंदराच्या कडेला, शिवडीच्या चिखलात, रोहित हजारोंनी उतरू लागले ते १९९० नंतरच्या दशकात. ते पाहायला ते राहिले नाहीत.