हवालदार गोपाळबाबा आणि आपले पेन्शनर

इंदापूरहून अकलूजकडे जाताना बावडा लागते. आंबेडकरी चळवळीच्या कार्यकर्त्याला या गावाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९७२ साली येथील बौद्धांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला, त्याचे पडसाद महाराष्ट्रभर उमटले आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

मध्यंतरी एका कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही बावड्याला गेलो होतो. वंदना झाली, भोजन झाले आणि नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. मुले मार्गाला लागली, घर बांधून झाले, पेन्शन वेळेवर जमा होते. आता दिवस कसा काढावा हेच कळत नाही, असे ते म्हणाले. त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर मात्र एका जुन्या पेन्शनरची आठवण झाली. ते पेन्शनर म्हणजे हवालदार गोपाळबाबा वलंगकर.

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळचे. महार कुटुंबात जन्मले आणि इंग्रजांच्या फौजेत दाखल झाले. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत असे, त्याला पलटणीत गणवेश मिळे, शिस्त मिळे आणि मुख्य म्हणजे अक्षरओळख मिळे. १८८६ साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. कोकणात तेव्हा निवृत्त महार सैनिकांची मोठी वस्ती होती. पुढे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच राहिले.

गोपाळबाबांना काय कमी होते? पेन्शन होती, हुद्द्याचा मान होता. उरलेले आयुष्य त्यांनी घराच्या ओटीवर बसून लढायांच्या गोष्टी सांगण्यात घालवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु गोपाळबाबांच्या आयुष्यातील खरी लढाई निवृत्तीनंतर सुरू झाली. बंदूक सरकारजमा करून आलेल्या या माणसाने लेखणी हाती घेतली.

महात्मा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झालेला होता. दीनबंधू आणि सुधारक या पत्रांतून ते लिहू लागले. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, १८८८ साली, त्यांनी विटाळ विध्वंसन ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात त्यांनी धर्माचा कैवार घेणाऱ्यांना जाहीर प्रश्न विचारले. अस्पृश्यता कोणत्या आधारावर उभी आहे, एका माणसाच्या स्पर्शाने दुसरा माणूस बाटतो कसा, याचा जाब त्यांनी मागितला. अस्पृश्याने हात जोडून दया मागावी अशी रीत असलेल्या काळात त्यांनी उलटतपासणी सुरू केली. आम्ही वकिली करतो, म्हणून आम्हाला याचे मोल अधिक वाटते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात अस्पृश्याने नव्हे, तर शास्त्राने उभे राहावे, ही ती भूमिका होती.

गोपाळबाबा कागदावरच थांबले नाहीत. दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून महार पेन्शनरांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी अर्जविनंत्यांची झुंज दिली. तीत गोपाळबाबा होते. मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवण्यात आले, तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अनार्य दोष परिहारक मंडळी या नावाने त्यांनी संघटनेचे काम केले. अनार्य हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, तोच त्यांनी संस्थेच्या पाटीवर लिहिला.

त्याच सुमारास इंग्रज सरकारने लढवय्या जातींचे खूळ डोक्यात घेऊन महारांची लष्करभरती बंद केली. ज्या महार शिपायांनी १८१८ साली भीमा कोरेगावला रक्त सांडले, त्यांच्या नातवंडांना लढता येत नाही असे ठरवले गेले. १८९४ साली गोपाळबाबांनी याविरुद्ध अर्ज तयार केला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. भरती बंद झाल्याने गोपाळबाबांचे स्वतःचे काय बिघडणार होते? त्यांची नोकरी पुरी झालेली होती. नुकसान होणार होते ते पुढच्या पिढीचे. पलटण बंद म्हणजे पगार बंद, पलटणीतले शिक्षण बंद, म्हातारपणची पेन्शन बंद. म्हणजे पुन्हा गावकी, पुन्हा बलुते, पुन्हा मेलेले ढोर. ज्या शिडीने आपण वर आलो ती आपल्या मागून काढून घेतली जात आहे, हे त्यांना दिसले आणि ते शिडी धरून उभे राहिले. त्या अर्जाने भरती सुरू झाली नाही. १९०४ आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तोच प्रश्न पुढे नेला. १९४१ साली, बाबासाहेबांच्या काळात, महार रेजिमेंट उभी राहिली.

१८९५ साली गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. महार माणूस आपल्या बरोबरीने बसणार म्हणून सवर्ण सभासद खवळले, त्यांनी विरोध केला. गोपाळबाबांनी जागा सोडली नाही. १९०० साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्याच महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ती ओंजळ आपल्याला दिसते, पण त्याआधी त्या मातीत कोणी नांगर धरला हे आपण विसरतो.

आता पुन्हा बावड्याकडे येऊ. बहिष्कार कशाच्या जोरावर चालतो? मजुरी बंद, किराणा बंद, दळण बंद, या जोरावर. आज महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे. परंतु कायदा साक्षीदाराच्या पायावर उभा राहतो आणि साक्षीदार आरोपीच्याच शेतावर उसाच्या खुरपणीला जात असेल, तर तो कोर्टात फितूर होतो. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याची चूल त्या मजुरीवर पेटते.

पेन्शनरची चूल मात्र कोणा पाटलाच्या मर्जीवर पेटत नाही. त्याचे पैसे बँकेत येतात. गावाने तोंड फिरवले तरी त्याची भाकरी बंद होत नाही. गोपाळबाबांची ताकद हीच होती. त्यांना बलुते मागायला कोणाच्या दारात जायचे नव्हते, म्हणून ते ताठ मानेने प्रश्न विचारू शकले. आज ही ताकद आपल्या हजारो निवृत्त शिक्षकांकडे, कारकुनांकडे, सैनिकांकडे, एसटीच्या चालक-वाहकांकडे आहे. तिचा उपयोग काय होतो? बंगल्याला रंग देणे आणि जयंतीला व्यासपीठावर खुर्ची मिळवणे! शिकलेल्या माणसांनी समाजाकडे पाठ फिरवली, ही बाबासाहेबांची अखेरच्या दिवसांतली खंत आपल्याला ठाऊक आहे.

आम्ही स्वतःला यातून वगळत नाही. आम्हीही चाळिशी ओलांडली आहे. काळा कोट घालून तारखा घेण्यातच आयुष्य जाणार की काय, असा प्रश्न आम्हालाही रात्री छळतो. तेव्हा गोपाळबाबा धीर देतात.

बावड्याच्या त्या गृहस्थांना आम्ही आता उत्तर देऊ शकतो. साहेब, दिवस घालवायचा प्रश्नच नाही. वस्तीतल्या पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. जातीचा दाखला अडला असेल तर तहसील कचेरीत त्याच्याबरोबर उभे राहा. अत्याचार झाला तर फिर्यादीची नक्कल त्याच दिवशी मागून घ्या, तारखा वहीत लिहून ठेवा आणि भेदरलेल्या साक्षीदाराच्या शेजारी कोर्टात येऊन बसा. भाषण करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, कागद सांभाळणारा माणूस मिळत नाही. तुमची नोकरी संपली आहे. हवालदार गोपाळबाबांचे काम तिथूनच सुरू झाले होते.

जयभीम!